पडवीतलं पोस्ट घरातच ठेवावं का?

प्रश्न विचारणाऱ्या ताईंची अडचण आधी थोडक्यात सांगतो. त्यांच्या सासरी गावचं शाखा डाकघर तीन पिढ्या घराच्या पडवीत चालत आलंय. सासरे पासष्ट पूर्ण होऊन निवृत्त झाले, जागा भरतीत निघाली, ताईंनी अर्ज केला आणि दहावीच्या गुणांवर बीपीएम, म्हणजे शाखा पोस्टमास्तर, म्हणून त्यांचीच निवड झाली. आता त्या विचारतात की पोस्ट घरातच ठेवू, की ग्रामपंचायत देते आहे त्या खोलीत नेऊ? लोक अजून सासऱ्यांनाच हाक मारतात, मी घरात नसताना त्यांनी एखाददुसरा व्यवहार केला तर चालेल का? पडवीच्या दुसऱ्या टोकाला नवऱ्याचं किराणा दुकान आहे, त्याचं काय करू? आणि शेवटी, यात भागतं का?

मी देवगड तालुक्यातल्या एका गावात १९८४ ते २०२३ बीपीएम होतो. माझ्याआधी माझे वडील, १९५७ पासून. म्हणजे एकाच पडवीत सहासष्ट वर्षं. तेव्हा हे उत्तर नियमाच्या पुस्तकातून कमी आणि त्या पडवीतून जास्त आलंय असं समजा.

आधी सरळ उत्तर. घरात ठेवा, पण पोस्टाला बाहेरून वेगळं दार असेल तरच. दार काढणं शक्य नसेल, किंवा घरातल्या कुणाला ते पटत नसेल, तर विचार न करता पंचायतीची खोली घ्या. दाराचं इतकं काय, ते पुढे सांगतो.

ताई, तुमच्या घरात तीन पिढ्या पोस्ट चाललं याचा अर्थ ते तुमच्या घराचं आहे असा नाही, हे तुम्हाला माहीत असणारच. तुम्ही स्वतःच्या गुणांवर आलात, ही फार चांगली गोष्ट झाली. गावात मात्र कुणी तसं मानत नाही. गाव म्हणतं, ‘पोस्ट अमक्यांच्या घरी.’ त्याला कारण आहे. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा साऱ्या देशात मिळून २३,३४४ पोस्ट ऑफिसं होती. आज दीड लाखाच्या वर आहेत आणि दहातली नऊ खेड्यात. मधल्या काळात ही हजारो पोस्टं उघडली ती कुठे? सरकारकडे ना इमारती होत्या, ना पूर्ण वेळ माणसं नेमायला पैसा. मग जुनी ईडीची, म्हणजे खात्याबाहेरच्या माणसाची पद्धत पसरवली. गावात ज्याला लिहितावाचता येतं, पोटापाण्याची दुसरी सोय आहे आणि चार माणसांत बसायला जागा आहे, तो पोस्टमास्तर. कुठे शाळेचे गुरुजी, कुठे दुकानदार, कुठे भिक्षुकी करणारे. आमच्याकडे आजोबांनी अर्जांवर गावाच्या सह्या, अंगठे घेतले, देवगडला पायी खेपा घातल्या. पोस्ट मंजूर झालं ते आधी तात्पुरतं. उत्पन्न दिसलं तर कायम. ते दिसावं म्हणून आजोबा म्हणे स्वतःच मुंबईच्या नातेवाइकांना आठवड्याला कार्डं टाकायचे. पडवीचा दक्षिणेकडचा तुकडा त्यांनी चिवाऱ्याचा, म्हणजे बांबूचा, कूड घालून वेगळा केला, एक टेबल, एक लाकडी पेटी, भिंतीला लाल टपालपेटी, आणि झालं पोस्ट.

आता ही जी सोय होती, घराची जागा, घरची माणसं, घरचा चहा, तिच्यावरच खात्याने अख्खी ग्रामीण टपालव्यवस्था उभी केली. भाडं नाही. पोस्टमन नसला तर मास्तरांचा मुलगा शाळेला जाताना पत्र देऊन जायचा. मी स्वतः दिली आहेत. त्याची नोंद कुठल्या वहीत नाही. मला तक्रार करायची नाही, पण हिशेब नीट मांडायचा तर हेही मांडायला हवं.

मनीऑर्डरीचे दिवस तुम्ही पाहिले नसतील. आमचा सगळा मुलूख मनीऑर्डरीवर जगायचा. घरटी एक माणूस मुंबईच्या गिरणीत. महिन्याच्या दहा-बारा तारखेपासून बायका सकाळीच खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, येऊन बसत. ‘मास्तरांनू, माजी इली काय ओ?’ एसटी यायची साडेनवाला. कंडक्टर टपावरून नाही, आतून पोतं काढून द्यायचा, कारण त्यात रोकडही असे. वडील पोतं टेबलावर ठेवायचे, लाखेचा शिक्का शाबूत आहे का ते खिडकीच्या उजेडात धरून बघायचे, मग सुतळी कापायचे. कापलेली सुतळी आई जपून ठेवी, आमच्या घरातली फुलझाडं सगळी सरकारी सुतळीने बांधलेली होती. पोत्यात मनीऑर्डरी पंधरा आणि रोकड आठांनाच पुरेल एवढी, असं बऱ्याचदा व्हायचं. मग कुणाला आज द्यायचे आणि कुणाला ‘उद्या या’ म्हणायचं? वडिलांचा नियम होता, जिला नदी ओलांडून यायचं तिला आधी. हा नियम पुस्तकात नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. तो आम्हाला वर्तमानपत्रापेक्षा जर्नलमध्ये, म्हणजे पोस्टाच्या रोजच्या नोंदवहीत, आधी दिसला. मनीऑर्डरीच्या नोंदींना पान पुरत नसे, तिथे पाऊण पान, मग अर्धं, मग दोनचार ओळी. बायका यायच्या थांबल्या नाहीत, आणखी वर्षभर तरी त्या खळ्यात येऊन बसत होत्या.

हे सांगितलं ते अशासाठी, की गावाने आपली गरज तुमच्या पडवीत आणून ठेवलेली असते. ती वेळ बघून येत नाही. नऊ ते बारा अशी वेळ पाटीवर लिहिली तरी रात्री नवाला दारावर थाप पडते, आणि घर तेच असल्यामुळे ‘पोस्ट बंद आहे’ असं तोंडाने म्हणता येत नाही. इथेच घोळ होतो. आमच्या घरी झाला तो सांगतो.

१९७४ च्या पावसाळ्यातली गोष्ट. शेजारच्या वाडीतल्या एका बाईला बाळंतपणात त्रास होऊ लागला. रात्री तिचा दीर आला, जीपवाला साठ रुपये आगाऊ मागतो म्हणाला. वडिलांच्या स्वतःच्या खिशात तेवढे नव्हते. पेटीत पोस्टाचे होते. त्यांनी साठ रुपये काढून दिले. सकाळी सोसायटीतून उचलून परत टाकू असा विचार. बाई वाचली, मूलही वाचलं. पण सकाळच्या पहिल्या एसटीने ओव्हरसियर, म्हणजे गावोगावची पोस्टं तपासत फिरणारे, उतरले. त्यांना काही कुणी कळवलेलं नव्हतं, त्यांची ती नेहमीची फेरी होती.

रोकड मोजायला घेतली तेव्हा आई आतून डाळीच्या डब्यातले पैसे घेऊन दारात आली. मी सोळा वर्षांचा होतो, मला तो क्षण नीट आठवतो. तिच्या हातात चुरगळलेल्या नोटा होत्या, कोकमं विकून आलेल्या. वडिलांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली, नको म्हणून. मग ओव्हरसियरना म्हणाले, साठ कमी आहेत, मी रात्री दिले, अमक्याला. पैसे त्याच दिवशी भरले गेले, खात्यात तशी जमा नोंद झाली. तरी वडिलांना ‘पुट ऑफ’ केलं. चौकशी होईपर्यंत कामावरून दूर. तेव्हाच्या नियमांप्रमाणे त्या काळात एक पैसाही मिळत नसे.

पोस्ट मात्र हलवायला दुसरी जागा नव्हती. म्हणून बदली माणूस आला तो आमच्याच पडवीत, वडिलांच्याच खुर्चीत बसायला. शेजारच्या गावचा, ओळखीतला, बिचारा शरमेने अर्धा झालेला. दहा वाजता आई त्याला चहा द्यायची, कारण पडवीत बसलेल्या माणसाला चहा द्यायचा असतो. वडील त्या वेळी मागच्या दाराने बागेत जात. लोक यायचे, खुर्चीत वेगळा माणूस बघायचे, आणि आवाज खाली करून आईला विचारायचे. दोन महिने हे चाललं. चौकशीत अफरातफर नाही असं ठरून वडील परत आले, ताकीद देऊन. पण गावात ‘मास्तरांनी पोस्ट खाल्लं’ हे वाक्य त्यांच्या मरेपर्यंत कुठे ना कुठे होतं. ज्यांच्यासाठी पैसे दिले त्यांच्या वाडीतही.

चूक वडिलांचीच होती. पोस्टाचे साठ रुपये ते कुणालाही द्यायला मोकळे नव्हते. पण मला पुढे चाळीस वर्षांत जे कळलं ते असं, की घरातल्या पोस्टात पैसे चोरीने क्वचित जातात. ते जातात ते घरातल्या पैशाला हात लावावा इतक्या सहज हात लावल्यामुळे. दूधवाला दारात उभा आहे, सुटे नाहीत, पेटीतून वीस काढले, संध्याकाळी टाकू. नातवाला शाळेत फी भरायची आहे. नवऱ्याच्या दुकानात मालाची गाडी आली आहे. प्रत्येक वेळी माणूस प्रामाणिक असतो आणि प्रत्येक वेळी रोकड कमी असते.

म्हणून दार. वेगळं दार असलं की तुम्ही घरातून पोस्टात ‘जाता’. कुलूप काढावं लागतं, चप्पल घालावी लागते. वडिलांनी परत आल्यावर पहिलं काम केलं ते हे: पडवीच्या कुडाच्या जागी चिऱ्याची भिंत घातली, स्वयंपाकघराकडून येणारं दार बुजवलं आणि खळ्याच्या बाजूने नवं दार काढलं. सात पावलं चालून घराबाहेरून पोस्टात जावं लागे, पावसात भिजत. आई वैतागायची. पण त्यानंतर पोस्टाच्या पेटीतला सुटा पैसा घरात आला नाही.

खोलीचं माप खात्याला साधारण दहा बाय दहा हवं असतं, तळमजल्यावर, रहदारीच्या जागी, वीज आणि मोबाइलची रेंज असलेली, आणि पोस्टासाठीच वापरातली. शेवटची अट तुमच्या किराणा दुकानाला लागू आहे. एकाच पडवीत दुकान चालेल, एकाच खोलीत नाही, आणि एकाच गल्ल्यात तर मुळीच नाही. मध्ये भिंत घाला. पत्र्याची, प्लायची, कसलीही, पण छतापर्यंत. दुकानाचे सुटे पोस्टाला आणि पोस्टाचे दुकानाला, ही देवघेवसुद्धा नको. सुटे लागले तर गिऱ्हाइकाला दुकानात पाठवा, तुम्ही जाऊ नका. दुकानात उधारी असते ना? त्यातली वाईट उधारी कुठली, तर पेन्शन काढायला आलेल्या आजीकडून ‘आधी दुकानाचं देऊन टाक’ म्हणून वळती केलेली. मी हे दोन ठिकाणी पाहिलंय. कायद्याने काय होतं ते होईल, पण आजी पुन्हा तुमच्याकडे पैसे ठेवत नाही.

या जागेचा भत्ता म्हणून खात्याकडून महिन्याला काही शे रुपये मिळतात. त्यात चुना होतो, भिंत नाही.

पंचायतीच्या खोलीबद्दलही सांगतो, म्हणजे मी एकाच बाजूने बोलतोय असं नको. माझ्यानंतर आमच्या गावचं पोस्ट पंचायतीच्या इमारतीत गेलं. दुसऱ्या जिल्ह्यातून आलेली मुलगी चालवते, चांगली चालवते. तिला वेळ पाळता येते, रात्री कुणी दार वाजवत नाही. पण खोलीची किल्ली शिपायाकडे, मोर्चा-सभा असली की इमारत भरलेली, आणि रोकड घरी न्यावी तर भाड्याची खोली. तुमच्यासारखं स्वतःचं घर गावात असेल तर रोकडीच्या दृष्टीने घर बरं. रोकड सांभाळण्याची जबाबदारी शेवटी एकट्या बीपीएमची, ती कुठेही असली तरी. लोखंडी पेटी जमिनीत किंवा भिंतीत पक्की करून घ्या आणि किल्ली अंगावर. देवघरात नाही, फडताळात नाही.

आता सासरे. हा तुमच्या प्रश्नातला अवघड भाग आहे, आणि तो तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात त्यावरूनच ते कळतं.

उत्तर नाही असं आहे. तुम्ही नसताना त्यांनी व्यवहार करू नये. एकही नाही. पूर्वी बीपीएमची सही चालायची आणि घरातला कुणीही सहीवजा काहीतरी करायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी स्वतः वडिलांच्या नावाने शिक्के मारलेत. पण डिसेंबर २०१७ मध्ये दर्पणची, म्हणजे व्यवहार ऑनलाइन नोंदवायची, यंत्रं यायला लागली आणि सगळं बदललं. आता यंत्रात जो लॉगइन झाला त्याच्या नावावर व्यवहार. पासवर्ड सासऱ्यांना माहीत असणं म्हणजे पेटीची किल्ली खुंटीला लावून ठेवणं. पुढे तक्रार झाली तर ‘त्या वेळी मी माहेरी होते’ हे वाक्य तुम्हाला वाचवणार नाही, उलट अडकवेल.

रजेची सोय आहे. वर्षाला वीस दिवसांची भरपगारी रजा, दहा-दहा दिवस सहामाहीला, शिवाय पाच दिवस तातडीची. बाळंतपणाला सुमारे सव्वीस आठवडे. यातली तातडीची रजा २०१८ नंतरची. आम्हाला बदली माणूस मिळत नाही म्हणून रजा मिळत नसे. अर्ज करा, बदलीची मंजुरी घ्या आणि मग जा. रीतसर मंजुरी मिळाली तर बदली म्हणून कोण बसेल ते कार्यालय ठरवेल.

पण नियम सांगून सासऱ्यांचं समाधान होणार नाही, हे मला कळतं. पस्तीस-चाळीस वर्षं गाव ज्याला मास्तर म्हणतं, त्याला सकाळी साडेनवाला दुसरं काय सुचणार? मी निवृत्त झालो त्यानंतर कित्येक महिने एसटीचा आवाज आला की उठून उभा राहायचो. माझा सल्ला असा, की त्यांना काम द्या, पण पैशाचं नाही. गावातली घरं त्यांना पाठ आहेत. पत्त्यावर नुसतं नाव आणि गाव असतं, वाडी नसते, आणि त्याच नावाची चार माणसं गावात असतात. त्यातलं कुणाचं हे सासरे सांगतील. (आपल्या शाखा डाकघराला स्वतःचा पिन नसतो, वरच्या सब ऑफिसचाच असतो. १५ ऑगस्ट १९७२ ला पिन कोड आला, तो ज्यांनी बसवला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी माणूस, वर संस्कृतचे कवी. पण पिनने पत्र सब ऑफिसपर्यंत येतं. तिथून वाडीपर्यंत ते ओळखीवर येतं.) फॉर्म भरायला मदत, कुठल्या योजनेला काय कागद लागतो ते समजावणं, म्हाताऱ्यांशी बोलणं, हे सगळं त्यांनी खळ्यात बसून करावं. त्यांची खुर्ची खळ्यात टाका. दाराच्या आत नको.

लोकांनी ‘मास्तर’ म्हणून हाक मारली की ओ द्यायला त्यांना मनाई करू नका. तुम्हाला काय म्हणायचं ते गाव हळूहळू ठरवेल. आमच्याकडच्या मुलीला ‘पोस्टातलं चेडू’ म्हणतात, आणि तिला ते चालतं.

पासबुकांबद्दल मी जरा जोर देऊन सांगतो, कारण इतकी वर्षं ज्या भानगडी ऐकल्या त्यातल्या बऱ्याच तिथून निघाल्या. बायका म्हणतील, ‘तुमच्याकडेच राहू दे गे, आमच्या घरात उंदीर आहेत.’ उंदीर खरंच असतात. तरीही पासबुक ठेवून घेऊ नका. नोंदीसाठी घेतलंत तर पावती द्या, परत दिलंत की पावती परत घ्या. तुमच्या सासऱ्यांच्या काळातली काही पासबुकं आजही फडताळात असतील, तर चार्ज घेण्याआधी ती ज्याची त्याला पोचती करा आणि देताना शिल्लक वाचून दाखवा. हे करताना एखादीची शिल्लक आणि खात्यातली शिल्लक जुळली नाही, तर गप्प बसू नका, सब ऑफिसला लेखी कळवा. सासऱ्यांच्या चुकीवर पांघरूण घालणं तेव्हा सोपं वाटेल. चार्ज रिपोर्टवर तुमची सही झाली की ती चूक तुमची.

रोकड किती ठेवायची याला कमाल आणि किमान मर्यादा ठरवून दिलेली असते. कमालपेक्षा जास्त ठेवलीत तर उद्या कुणाला किती द्यायचे आहेत ती देणी दाखवावी लागतात. २०२१ मध्ये शाखा डाकघरातून एका खातेदाराला एका दिवशी काढता येणारी रक्कम पाच हजारांवरून वीस हजार झाली. लोकांची सोय झाली, पण तीनच माणसं आली तरी पेटी रिकामी. म्हणून मोठी रक्कम काढणाऱ्याने आदल्या दिवशी सांगावं अशी सवय गावाला लावा. सणाआधी तर नक्कीच. गणपतीआधीच्या आठवड्यात आमच्याकडे रोकड कधीच पुरली नाही.

रेंजचं मी काय सांगू? यंत्र घेऊन सड्यावर जाऊन, आंब्याच्या अमुक एका कलमाखाली उभं राहिलं की व्यवहार होत, हे मी वर्षभर केलंय. लोक म्हणायचे, मास्तर पोस्ट घेऊन फिरायला गेले. तुमच्या पडवीत कुठल्या कोपऱ्यात रेंज येते ते भिंत घालण्याआधी बघून ठेवा. चिऱ्याची भिंत रेंज खाते.

बोटांचे ठसे हे आणखी एक दुखणं. आधारवर पैसे काढायला येणाऱ्या बायकांनी आयुष्यभर लावणी केलेली, भांडी राखेने घासलेली, त्यांची बोटं यंत्रात उठत नाहीत. अंगठा चार वेळा नाकारला की त्या ओशाळतात, जणू त्यांचंच काही चुकलं. कोमट पाण्याने हात धुवायला लावा, पुसा, थोडं थांबा, दुसरं बोट घ्या. दहातलं एखादं उठतं. त्यासाठी पोस्टात पाण्याचा तांब्या आणि स्वच्छ फडका ठेवा. रांग असली तरी घाई करू नका. नाहीच उठलं तर आधार अपडेट कुठे होतं ते कागदावर लिहून द्या, नुसतं तोंडी सांगू नका.

घरात पोस्ट असलं की घरच्या माणसांना गावाची गुपितं आपोआप कळतात. कुणाला किती पैसे आले, कुणाला बँकेची नोटीस आली, कुणाच्या मुलीला कोर्टाचं पाकीट आलं. पूर्वी पोस्टकार्डं उघडीच असायची. हळदीकुंकवाची बोटं लागलेलं कार्ड आलं की लग्न, कोपरा फाडलेलं आलं की कुणीतरी गेलं, हे वाचल्याशिवायच कळे. कोपरा फाटलेलं कार्ड वडील टेबलावर इतर टपालात ठेवत नसत, बाहेर ओट्यावर दगडाखाली ठेवत आणि आधी तेच पोचतं करत. आईला ते कुणाचं हे दिसायचं, पण त्या घरी निरोप पोचून रड ऐकू येईपर्यंत ती शब्द काढत नसे. घरातल्या पोस्टाला अशी माणसं लागतात. तुमच्या नवऱ्याच्या दुकानात दिवसभर चार माणसं बसतात, बोलतात. तिथे पोस्टातलं काहीही बोललं जाऊ नये, एवढं त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा. एकदा बाहेर गेलं की गाव विमा आणि ठेवी तालुक्याला नेऊन ठेवतं.

पैशाचं आटोपशीर सांगतो. बीपीएमला चार तासांच्या कामाला बारा हजार आणि पाच तासांच्या कामाला साडेचौदा हजार, ही २०१८ पासूनची सुरुवात, वर महागाई भत्ता आणि वर्षाला तीन टक्के वाढ. विमा, खाती यांवरचं कमिशन वेगळं. पेन्शन नाही. ग्रॅच्युइटीची कमाल दीड लाख. तेवढ्यावर घर चालत नाही, आणि ते चालू नये हे खात्याने गृहीतच धरलेलं आहे. म्हणून तर दुसरं उत्पन्न असावं ही अट. तुमच्याकडे दुकान आहे, शेती असेल. मग ठीक चालेल. कामाचे तास कागदावर चार, प्रत्यक्षात सहा-सात होतात, विशेषतः मार्चमध्ये आणि खाती उघडायची मोहीम असली की. याबद्दल आपल्यासारखे ग्रामीण डाकसेवक वर्षानुवर्षं भांडतायत आणि त्यांचं म्हणणं मला पटतं.

मोहिमांवरून एक सांगतो. वरून फोन येईल, आज इतकी खाती झालीच पाहिजेत. अशा वेळी बीपीएम स्वतःचे पैसे घालून शेजाऱ्यांच्या नावाने खाती उघडतात. करू नका. शंभर-दोनशेची खाती दिसतात छोटी, पण ज्याला आपलं खातं आहे हेच माहीत नाही त्याच्या खात्याचं पुढे काहीही होऊ शकतं. बोलणी खा. त्याने काही होत नाही.

आता चार्ज. सध्या शेजारच्या कुणाकडे चार्ज असेल तर त्यांच्याकडून, आणि काही वस्तू सासऱ्यांकडे राहिल्या असतील तर त्यांच्याकडून, सगळं यादीप्रमाणे आणि मोजून घ्या. रोकड, तिकिटं, यंत्र, प्रिंटर, सोलरचं पॅनल, तारखेचा शिक्का, पेटीच्या दोन्ही किल्ल्या. जुना शिक्का आठवण म्हणून घरात ठेवला असेल तर तो खात्याला परत करा. तो कुणाच्या हाती पडला तर मागच्या तारखेचा ठसा कुठेही उठवता येतो.

नातं मध्ये आलं की मोजायला लाज वाटते, मलाही वाटली होती. जुलै १९८४. त्या वेळी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमधून नावं मागवली होती, त्यात माझे मार्क जास्त निघाले. ओव्हरसियर चहा पीत बसले होते, वडिलांनी रोकड पुढे सरकवली आणि मी ती न मोजता पेटीत ठेवायला गेलो. वडिलांनी माझा हात धरला. म्हणाले, ‘मोज.’ मी मोजली, बरोबर होती. मग तिकिटं. पोस्टाची तिकिटं बरोबर, कार्डं बरोबर, अंतर्देशीयं बरोबर. रेव्हेन्यू तिकिटं वहीत बावीस आणि प्रत्यक्षात एकवीस. पुन्हा मोजली, एकवीसच. वडिलांनी चष्मा काढून स्वतः मोजली. मग सदऱ्याच्या खिशातून वीस पैशांचं नाणं काढून टेबलावर ठेवलं आणि ओव्हरसियरना म्हणाले, ‘लिहा, एक कमी.’